आयडलिंगला थरथरणारी जुनी गाडी

साताऱ्यात पोवई नाक्यावर थांबल्यावर तुमची गाडी कधी थरथरते आणि कधी शांत राहते, एवढ्यावरून इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) बदलायला घेऊ नका. एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) असलेल्या इंजिनात आधी गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा, पाहा: आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, तो +२० टक्क्यांच्या आसपास असून २५०० आरपीएमला शून्याकडे उतरत असेल, तर इंजिन बहुधा कुठूनतरी न मोजलेली हवा ओढत आहे; उलट, इंजिनाचा वेग वाढवताच तो चढला, तर फ्युएल पंप आणि फिल्टर तपासावेत.

फ्युएल ट्रिम इंजिन गरम झाल्यावर पाहावा; हवा ओढणारी चीर मात्र सकाळी थंड इंजिनावरही शोधावी, कारण कडक झालेल्या रबरी नळीची चीर गरम झाल्यावर कधी कधी मिटते. ब्रेक दाबताच आयडलिंग बदलते का, तेही पाहा. माझ्या गाडीत महिनाभर छळणारा दोष ब्रेक बूस्टरच्या (इंजिनाच्या ओढीवर ब्रेकला जोर देणाऱ्या भागाच्या) नळीतच निघाला.