मासेमारीच्या जड ल्यूरसाठी (नकली आमिषासाठी) रॉड आणि रील : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा रॉड ९ फुटी, १० ते ३० ग्रॅमचा आहे आणि रील ४००० नंबरचं. आता खडपावरून ६० ते ८० ग्रॅमचे पॉपर (पाण्यावर तरंगणारे ल्यूर) आणि जिग (बुडणारे धातूचे ल्यूर) टाकायचे आहेत. याच सामानावर भागेल का? नवं घ्यायचं तर काय बघून घ्यावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : नाही भागणार. रॉडवर छापलेला ग्रॅमचा आकडा म्हणजे फेकताना तो किती वजन पेलतो ते. ३० ग्रॅमच्या रॉडने ८० ग्रॅम पूर्ण जोरात भिरकावलं, तर मासा लागायच्या आधीच, फेकतानाच रॉड मोडू शकतो. उलट फार ताठ रॉड हलक्या ल्यूरने वाकतच नाही आणि ल्यूर जवळच पडतो. कमाल आकड्याला टेकून रोज फेकू नये. ८० ग्रॅम हे नेहमीचं वजन असेल, तर ४० ते १२० ग्रॅमचा रॉड घ्या. आधी ल्यूर, मग रॉड, मग लाइन आणि शेवटी रील हाच क्रम ठेवा. दुकानात रील आधी पसंत पडतं आणि तिथेच गणित चुकतं.

खडपासाठी साडेनऊ ते १० फूट लांबी बरी. फेक लांब जाते, शिवाय पुढच्या दगडांवरून लाइन उचलून धरता येते. होडीवरून साडेसात-आठ फूट पुरे. घेण्यापूर्वी प्रत्येक गाइडच्या, म्हणजे लाइन ओवायच्या कडीच्या, आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला की कडीला चीर आहे असं समजा. तीच चीर ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) लाइन कापते.

लाइन पीई ३ किंवा ४ (पीई हा ब्रेडेड लाइनच्या जाडीचा आकडा), किमान ३०० मीटर. रीलच्या नंबरावर जाऊ नका, दोन कंपन्यांचे ८००० सारखे असतीलच असं नाही. स्पूलवर, म्हणजे रीलच्या लाइन गुंडाळायच्या रिळावर, पीई ४ किती मीटर बसते ते वाचा. स्पूलवर आधी थोडं साधं तंगूस गुंडाळा, नाहीतर ब्रेडेड लाइनचा अख्खा गठ्ठा स्पूलवर घसरतो आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा ठरावीक ताणाला लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) खराब आहे असं वाटत राहतं. खोक्यावरच्या कमाल ड्रॅगच्या आकड्याला भुलू नका. लाइन ५० पौंडांची, म्हणजे साधारण २३ किलोची असेल, तर ड्रॅग तिच्या पाव हिश्शावर, साडेपाच-सहा किलोवर लावायचा. तो हाताच्या अंदाजाने नाही, रॉड वाकवून स्प्रिंगच्या काट्यावर मोजा. मोठ्या माशाने लाइन ओढत नेली आणि स्पूलवरच्या गुंडाळीचा व्यास निम्मा झाला, की तोच ड्रॅग दुप्पट जड होतो. नेमक्या त्याच वेळी घाबरून ड्रॅगचा नॉब आवळला की लाइन तुटते.

प्रश्न : फेकताना मध्येच फाटकन आवाज होतो आणि पॉपर एकटाच समुद्रात जातो. लाइन तर नवी आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बेल (रीलवरची लाइन अडवणारी तारेची कडी) फेकीच्या झटक्याने मध्येच बंद होते का, ते आधी बघा. मग लाइन रॉडच्या शेंड्याला गुंडाळली गेली नाही ना, हे प्रत्येक फेकीआधी तपासा. तिसरं कारण लीडरची, म्हणजे लाइन आणि ल्यूर यांच्यामध्ये जोडलेल्या जाड तुकड्याची गाठ. जाड गाठ गाइडमध्ये अडकते आणि तिथेच सगळा झटका बसतो. एफजी गाठ (लीडरभोवती ब्रेडेड लाइनचे वेढे देऊन बांधायची) बारीक बसते. ती वीसेक वेढ्यांची घट्ट आवळून बांधा आणि लीडरचं उरलेलं टोक अगदी जवळ कापा.

लीडर किती जाड हवा? ल्यूरच्या दर २८ ग्रॅमला १० पौंड, हा फेकीपुरता किमान हिशेब. ८० ग्रॅमला ३० पौंड येतात, पण खडपावर घासायचं असल्यामुळे ६० ते ८० पौंड, दीड-दोन मीटर ठेवा. जिताड्याच्या कल्ल्याच्या कडा धारदार असतात, म्हणूनही हे लागतं. सुरमई दातांनी कापते. तिच्यासाठी पुढे वीतभर बारीक वायर जोडा. फेकताना ड्रॅग आवळलेला हवा. तो सैल असला तर लाइन निसटते आणि बोट कापतं. जड ल्यूरला हातमोजा घालाच.

प्रश्न : खाडीत होडीवरून जिताड्यासाठी १०० ग्रॅमचे मऊ ल्यूर वापरायचे आहेत. बेटकास्टर (आडव्या फिरत्या स्पूलचं, अंगठ्याने आवरायचं रील) घेऊ का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : घ्या, मूठ मजबूत आणि स्पूल मोठा असलेला. जड ल्यूर अंगठ्याच्या ताब्यात नेमका झाडीच्या कडेला टाकता येतो. गिअर (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे किती फेरे, तो आकडा) साडेपाच-सहाच्या आसपास असू द्या. फार वेगवान गिअरवर मोठा ल्यूर ओढताना मनगट थकतं. आधी ल्यूर लटकवून बाजूचा नॉब असा लावा, की तो सावकाश खाली जाईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. वारा समोरून असेल तर ब्रेक वाढवा, नाहीतर लाइनचा गुंता ठरलेला.

प्रश्न : खाऱ्या पाण्यानंतर रील कसं धुवावं?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : ड्रॅग आवळा, गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.