रूनस्केप हा ऑनलाइन गेम सुरू करण्याआधी
जुने खेळाडू 'ईओसी'च्या (इव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅट, लढाई बदलणारं अपडेट) नावाने अजून बोटं मोडतात, त्याने गोंधळू नकोस. 20 नोव्हेंबर 2012 ला लढाईच बदलली: क्लिक करून बघत बसायची मारामारी गेली, अ‍ॅक्शन बार (हल्ल्यांच्या बटणांची पट्टी) आणि अ‍ॅड्रेनलिन (लढताना भरत जाणारा जोर, मोठ्या हल्ल्यांसाठी) आलं. वर्षानुवर्षांची सवय एका रात्रीत मोडीत निघाली, खरा राग त्याचा. मग 22 फेब्रुवारी 2013 ला ऑगस्ट 2007 च्या बॅकअपवरून ओल्ड स्कूल, म्हणजे जुन्या पद्धतीचं वेगळं रूनस्केप, आलं.

तू आधी तेच फुकटात खेळून बघ. सिमिटर (वाकडी तलवार) दर 4 टिकला (टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा ठोका), म्हणजे 2.4 सेकंदांनी चालते. मध्ये माउस बडवून वेग वाढत नाही, नवखे इथेच फसतात. मेंबरशिप ओल्ड स्कूल आणि आरएस 3 (नवं रूनस्केप) दोन्हीकडे एकच, पण कॅरेक्टर वेगळं; लेव्हल, सोनं काही सोबत येत नाही. बटणांची जुळवाजुळव आवडत असेल तर मात्र आरएस 3 लाच हात घाल.