पुन्हा तोच व्हिडिओ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. "व्हिडिओ चालू असतो तोवर सगळं कळतं. बंद केला की हातात काहीच उरत नाही. स्पॅनिश शिकायला लागून आठ महिने झाले. माझा कानच भाषेचा नाही का?" हे शेवटचं वाक्य मला सोडवेना. कारण एकेकाळी मीही तेच म्हणत होते आणि ते खरं मानून दोन वर्षं स्पॅनिश बाजूला ठेवलं होतं.

तुझा कान चांगला आहे, त्याला तू अजून कामाला लावलेलं नाहीस. तू पाठवलेली यादी बघितली. नऊ चॅनल, दोनशेहून जास्त व्हिडिओ आणि प्रत्येक व्हिडिओ एकदाच बघितलेला. अरे, एकदाच! तेही खाली इंग्रजी ओळी धावत असताना. म्हणजे आठ महिने तू इंग्रजी वाचत होतास आणि मागे कुणीतरी स्पॅनिश बोलत होतं. डोळ्यांना अर्थ आयता मिळत असेल तर कान कशाला धडपडेल?

माझं सांगणं एकच आहे आणि या पत्रात ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल. नवा व्हिडिओ लावू नकोस. तोच पुन्हा बघ.

हे मी कुठून शिकले ते सांगते. फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

२००३ च्या सुमाराला चिलीतल्या वाल्पाराइसो शहरातल्या एका बाईंशी माझा ईमेलवर पत्रव्यवहार सुरू झाला. सहा वर्षं आम्ही स्पॅनिशमध्ये लिहीत होतो. माझी क्रियापदं त्या मायेने दुरुस्त करायच्या. मी व्याकरणात पक्की होते, आणि इंग्रजी सबटायटल लावून स्पॅनिश सिनेमे तर मी ढिगाने पाहिले होते. प्रत्येक एकदा, तुझ्यासारखेच. २००९ मध्ये आम्ही पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बोललो. त्या भरभर बोलत होत्या, मी हसून "सी, सी", म्हणजे हो, हो, करत होते. मधेच त्या म्हणाल्या, "मी पापा से नोस फुए एन मार्सो." मला त्यातलं "पापा", "गेले" आणि "मार्च" एवढं कळलं. वाटलं, वडील मार्चमध्ये कुठेतरी प्रवासाला गेले. मी उत्साहाने म्हणाले, "के ब्येन!" वा, छान!

त्या गप्प झाल्या. मग सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, माझे वडील वारले.

आपणही तर असंच म्हणतो. बाबा गेले. मार्चमध्ये गेले. हे वाक्य मराठीतून माझ्यापर्यंत आलं असतं तर त्या क्षणी माझा चेहरा पडला असता. पण माझ्या कानात स्पॅनिश इंग्रजीच्या वळणाने येत होतं आणि त्या वळणावर माणूस फक्त प्रवासाला जातो. त्यानंतर आम्ही स्पॅनिशमध्ये कधी बोललो नाही. पत्रं विरळ होत गेली. मला ऐकू आलं होतं पण कळलं नव्हतं, एवढं त्यांना सांगण्याचं धैर्यही मला झालं नाही. तुझ्या वयाची असते तर बरं, तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती.

मग मी स्पॅनिश सोडलं. दोन वर्षांनी जुन्या फायली आवरताना त्यांनी माझ्या एका वाढदिवसाला पाठवलेला आवाजी निरोप सापडला. चार मिनिटांचा. आला तेव्हा मी तो एकदाच ऐकला होता आणि "खूप आवडला" असं कळवून मोकळी झाले होते. आता रोज सकाळी ऐकू लागले. पहिल्या आठवड्यात "सेर्रो" म्हणजे टेकडी आणि "आबुएला" म्हणजे आजी, एवढंच हाती लागलं. दहा-बारा वेळा ऐकल्यावर "तोओ लो दीआ" असा जो एक गोळा सारखा येत होता तो फुटला: तोदोस लोस दीआस, म्हणजे रोज! चिलीत शब्दाच्या शेवटचा "स" हवेत विरतो आणि दोन स्वरांमधला "द" गळून पडतो. हा नियम मी पुस्तकात वाचलेला होता. वाचलेला नियम कानाला कळायला बारा सकाळी लागल्या. विसाव्या वेळेच्या आसपास कळलं की त्या आसेन्सोरेसविषयी बोलत आहेत, म्हणजे तिथल्या टेकड्यांवर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या डब्यांविषयी. त्यातला सर्वात जुना १८८३ साली सुरू झाला. त्यांची आजी रोज त्यातून कामाला जायची. त्यांनी मला आपल्या आजीची गोष्ट भेट दिली होती आणि मी ती कित्येक वर्षं न उघडता ठेवली होती.

म्हणून सांगते, तोच पुन्हा बघ.

तू म्हणशील, इतक्या हुशार लोकांचे सल्ले आहेत, त्यांचं काय? एक म्हणतो हजार तास नुसतं ऐक, तोंड उघडू नकोस. दुसरा म्हणतो पहिल्या दिवसापासून बोल. या भांडणात तू पडू नकोस. समजेल असं भरपूर ऐकावं, त्यातून भाषा आत उतरते, हे स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने मांडलं आणि ते मला पटतं. पण त्यातला "समजेल असं" हा भाग लोक गाळतात आणि तास मोजत बसतात. न समजलेले शंभर तास म्हणजे पंख्याचा आवाज. एकच चार मिनिटांची फीत सात वेळा ऐकलीस तर सातव्या वेळी ती समजेल अशी झालेली असते. सोपं काही शोधत हिंडायला नको, ऐकून ऐकून अवघडच सोपं होतं.

आणि विसरण्याचं म्हणशील, तर सगळेच विसरतात. हर्मन एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, किती लवकर विसरतो ते मोजून १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. पहिल्या काही तासांतच बरंचसं निसटतं, मधे अंतर ठेवून पुन्हा उजळणी केली की टिकतं. तुझ्या दोनशे व्हिडिओंना ती दुसरी खेप मिळालीच नाही.

आता कसं करायचं ते. चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ घे, त्याहून मोठा नको. बोलणारा माणूस हाताने काहीतरी करतोय, दाखवतोय असा असावा. मुलांची कार्टून सोपी असतील या समजुतीत राहू नकोस. त्यांत ओरडाआरडा असतो, चिरके आवाज असतात, अर्धीमुर्धी वाक्यं असतात. पहिल्या दिवशी खालच्या सगळ्या ओळी बंद करून दोनदा बघ. काही कळलं नाही तरी थांबवू नकोस. दुसऱ्या दिवशी स्पॅनिश ओळी लावून एकदा. इंग्रजी कधीच नाही, याबाबतीत मी ऐकून घेणार नाही. या वेळी थांबव, मागे घे, अडलेला शब्द बघ, वहीत लिही. मग ओळी पुन्हा बंद. तिसऱ्या दिवसापासून चित्रही नको, चालताना, भांडी घासताना नुसता आवाज. शेवटी त्याच्या मागोमाग अर्ध्या श्वासाच्या अंतराने तूही बोल, त्याच्या सुरात, त्याच्या घाईत. पुढे काय येणार ते ओठांवर आधीच यायला लागलं की मग दुसरा व्हिडिओ. त्याला आठवडा लागला तर लागू दे.

एक सावधगिरी. इंग्रजी मालिकेचं स्पॅनिश डबिंग लावून त्याखाली स्पॅनिश ओळी लावल्यास तर दोन्ही बरेचदा जुळणार नाहीत. डबिंग ओठांच्या हालचालीला धरून केलेलं असतं, ओळी वाचनाच्या वेगाला धरून, आणि बहुतेकदा दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी केलेलं असतं. लोक यात गोंधळतात आणि दोष स्वतःला देतात. म्हणून मूळ स्पॅनिशमध्येच बनलेलं घे.

वेग कमी करू नकोस. तू पाऊणपट वेगाने ऐकतोस असं लिहिलंस, ते आजपासून बंद. स्पॅनिश वेगवान वाटते कारण ती आहेच वेगवान. फ्रान्समधल्या लियोंच्या संशोधकांनी २०११ मध्ये सात भाषांची तुलना प्रसिद्ध केली, त्यात स्पॅनिशमध्ये सेकंदाला सरासरी ७.८ उच्चारखंड, म्हणजे सिलॅबल, भरले आणि इंग्रजीत ६.२. पण तुला अडवतो तो वेग नव्हे, अडवतात ते सांधे. "बा आ आब्लार", तो बोलणार आहे, याचं बोलताना "बाब्लार" होतं. तीन "आ" एकात मिटले. वेग कमी केलास तर "बाब्लार" लांबट ऐकू येईल, त्याचे तीन शब्द होणार नाहीत. ते होतात पाचव्यांदा ऐकल्यावर.

आणि मराठीला दूर लोटू नकोस रे! इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे ज्या जागी महिनोन् महिने अडखळतात, तिथे तुझी भाषा तुझ्यासाठी आधीच दार उघडून उभी आहे. "मे गुस्ता लेएर", मला वाचायला आवडतं. शब्दाला शब्द लावून बघ. इंग्रजीत "मी" कर्ता होतो, आपल्याकडे आणि त्यांच्याकडे "मला". "बेओ तु कासा", मी तुझं घर बघतो. "बेओ आ तु एर्मानो", मी तुझ्या भावाला बघतो. घराला काही लागत नाही, माणसाला "ला" लागतो. त्यांच्याकडे माणसाआधी "आ" लागतो. यावर पानंच्या पानं लिहिली जातात आणि तुला ते जन्मतः येतं. क्रियापदावरून कर्ता ओळखणं, निर्जीव वस्तूंना लिंग असणं, तू आणि आपण यांतला फरक, तो मऊ "त" आणि "द", सगळं तुझ्या तोंडात आहे. हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. मधली सगळी वर्षं मी मराठी माणूस असून इंग्रजी कानाने ऐकत होते. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही.

स्पेनचं शिकू की मेक्सिकोचं, हा तुझा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही. वीस देशांची ती राजभाषा आहे. धन्यवादाला माद्रिदमध्ये "ग्राथ्यास" ऐकशील, मेक्सिकोत "ग्रास्यास". रस्त्याला बहुतेक ठिकाणी "काये" म्हणतात, बुएनोस आइरेसमध्ये "काशे". ज्याचा आवाज रोज ऐकायला कंटाळा येणार नाही असा एक माणूस निवड आणि सहा महिने त्याच्याजवळ राहा. एका माणसाचं बोलणं पुरतं कळलं की दुसऱ्याचं कळायला वेळ लागत नाही. आज स्पेन, उद्या कोलंबिया, परवा अर्जेंटिना असं केलंस तर कुणाचंच कळणार नाही.

ही पद्धत कंटाळवाणी आहे असं मला सांगणारे खूप भेटले. एका वर्गात तर तोंडावर ऐकवलं गेलं की जी बाई स्पॅनिश बोलणाऱ्या देशात कधी राहिली नाही, तिने कसं ऐकावं हे शिकवू नये. मी राहिले नाही, हे खरं आहे. मला जमलं नाही, घरची कारणं होती, ती इथे नकोत. पण त्यानंतर अकरा वर्षं मी याच कानावर दुभाषाचं काम केलं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याचा अर्थ माझ्याकडे असायचा, आणि "से नोस फुए" पुन्हा कधी माझ्या हातून निसटलं नाही. दोनदा ऐकलं ते वाक्य त्या काळात, दोन्ही वेळा मी थांबले आणि योग्य तेच बोलले. कंटाळा येतो तो तिसऱ्या-चौथ्या खेपेला, कारण गोष्ट कळलेली असते आणि भाषा अजून कळलेली नसते. नेमकं तिथेच तू आठ महिने उठून जात आलास. पाचव्या खेपेला पुन्हा नवं ऐकू येऊ लागतं. तिथपर्यंत बस. मी हट्टाने सांगते, कारण तिथपर्यंत न बसल्याची किंमत मी मोजलेली आहे.

तू यादीतला सातवा म्हणून जो व्हिडिओ लिहिलास, सायकलचं चाक काढून पंक्चर काढणारा तो मेक्सिकन म्हातारा, तो मी काल लावला. पाच मिनिटं. छान बोलतो, सावकाश नाही पण स्पष्ट. मी तो रात्रीपासून सात वेळा ऐकला. शेवटी चाक बसवून झाल्यावर तो कॅमेऱ्याकडे न बघता, सायकलशीच बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटतो, तीन-चार शब्द. स्पॅनिश ओळींमध्ये ते आलेलंच नाही. मला चौथ्या खेपेला अर्धं कळलं आणि सातव्या खेपेला पूर्ण. काय ते मी लिहीत नाही. बाकीची यादी तूर्त बाजूला ठेव आणि येत्या रविवारपर्यंत ते शब्द ऐकून मला लिहून पाठव, स्पॅनिशमध्ये.

तुझी,
मावशी