बिऱ्हाड हलवण्याआधी जुलैतला गोवा

“यांना वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत चांगली नोकरी मिळतेय. पण सासूबाईंना दमा आहे, मुलगा तिसरीत, मराठी शाळेत आहे. आणि मला तिथं कोणी आपलं मानेल का, याचीच धास्ती वाटते.” पुण्याच्या एका ताईंनी आम्हाला विचारलेला हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत; पण गोव्यात यायच्या तयारीतल्या बऱ्याच घरांची काळजी हीच असते.

या कुटुंबाने गोवा दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा डिसेंबरात. जून ते सप्टेंबरचा गोवा त्यांना ठाऊकच नव्हता. पणजीत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळजवळ चौपट. सत्तरी-सांग्यात डोंगराकडे त्याहूनही जास्त. म्हणून आधी एक काम दिलं: जुलैत दहा दिवस या, हॉटेलात उतरू नका, फोंड्यात साधी खोली घ्या. ताईंच्या यजमानांनी सकाळी ड्युटीच्या वेळेला बोरीचा पूल ओलांडून वेर्ण्याला जाऊन पाहावं. ताईंनी बसने बाजार करावा, शेवटची बस किती वाजता सुटते ते विचारावं. सासूबाईंना आणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावं आणि रोजचा इनहेलर एक दिवसही चुकवू नये.

सोबत आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ठेवायला सांगितलं. बंद खोलीत आकडा ८५च्या वर गेलेला पाहून ताई घाबरल्या. दम्याला खरा त्रास बुरशी आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा होतो, आणि दोन्ही दमटपणात फोफावतात. सासूबाईंच्या, म्हणजे घरातल्या आजींच्या, एका खोलीत आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. दिवसाला हवेतलं वीसेक लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर एका बेडरूमला पुरतो. मात्र तो चालू असताना खिडक्या बंद हव्यात. इथं बहुतेक घरांत हमखास चूक होते: त्याच खोलीत ओले कपडे वाळत घालतात आणि मग यंत्र बिघडलं म्हणतात.

घर पावसातच पाहावं. कपाट उघडून वास घ्यावा, जमिनीलगतचा रंग सुटलाय का ते बघावं. तळमजला आणि थेट स्लॅबखालचा मजला टाळावा. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आजींचा पलंग पश्चिमेच्या भिंतीला नको. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावीत. वीज जाते, तेव्हा नेब्युलायझर चालेल एवढा इन्व्हर्टर हवाच.

शाळेचा प्रश्न लवकर सुटला. सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे, पण चौथीपर्यंत. पुढे बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी. मुलाला वर्षभर आधी इंग्रजी वाचनाची सवय लावायची, एवढंच ठरलं.

उरली माणसं, आणि ताईंचं मन तिथंच अडलं होतं. बाजारात कोणीतरी “घाटी” (घाटावरून आलेल्यांना हिणवायचा शब्द) म्हणालं, ते त्यांना फार लागलं. तो शब्द बोचतोच, तो गिळून टाका असं कोणी सांगू नये. पण एका माणसाच्या शब्दावरून गावाचं माप काढू नये, हे त्यांच्याशी सावकाश बोललो. आणखी एक अडचण होती. इथं मराठी बहुतेकांना कळते, म्हणून आलेला माणूस कोकणी शिकतच नाही आणि वर्षानुवर्षं पाहुणाच राहतो. ताईंनी रोज सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराशी (पाववाल्याशी) पाव घेताना दोन वाक्यं कोकणीत बोलायची, निघताना “देव बरें करूं” (धन्यवाद) म्हणायचं, असं ठरवलं. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात. त्या वेळी त्यांना सगळ्यात एकटं वाटायचं. म्हणून कामं सकाळी उरकून दुपार वाचनाला, आणि संध्याकाळी राजीव गांधी कला मंदिरात नाटक असलं तर तिथं, असा क्रम बसवला. चवथीला (गणेश चतुर्थीला) शेजारणीने माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची सजावट, बांधायला हाक मारली तर पुण्याची गाडी धरायची नाही, हेही त्यांनीच सुचवलं.

कुटुंबाने फोंड्यात दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. आजी पहिला पावसाळा थोरल्या मुलाकडे पुण्यातच काढणार आहेत. भाड्याचा अकरा महिन्यांचा करार मुद्दाम १ ऑक्टोबरपासून केला. तो ऑगस्टअखेर संपतो, म्हणजे पुढं राहायचं की नाही ते पावसाळ्याचे जून ते ऑगस्ट हे तीन महिने त्या घरात काढूनच ठरेल.