प्रवासामुळे आयुष्याकडे बघण्याची नजर खरंच बदलते का?

तुम्ही विचारलंय की प्रवासाने दृष्टिकोन बदलतो असं सगळे सांगतात, पण तुमच्या तीन-चार सहली होऊनही फोटोंपलीकडे काही हाती लागलं नाही. मग बदलतं म्हणजे नेमकं काय होतं? माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी एकटी जॉर्जिया या देशात गेले होते. राजधानी तिबिलिसीतल्या दिदुबे स्थानकावरून कुताइसी या शहराची मिनीबस पकडायची होती. तिथे गाड्या ओळीने उभ्या असतात आणि काचेमागे गावाच्या नावाची पाटी. जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरं आहेत, गोल वळणांची, देखणी. मला त्यातलं एकही ओळखता येत नव्हतं, आणि नेमका फोन बंद पडलेला. वाचायला शिकल्यापासून समोर अक्षरं आहेत आणि ती मला काहीच सांगत नाहीत, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. प्रत्येक ड्रायव्हरसमोर जाऊन मी ‘कुताइसी?’ एवढा एकच शब्द म्हणत होते. तिघांनी तीन दिशांना हात केले. प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे मी टक लावून बघायचे, हा खरं सांगतोय की मला कटवतोय ते ताडायला. शेवटी एका बाईने माझा दंड धरून मला गाडीपर्यंत नेलं, ड्रायव्हरशी काहीतरी बोलली आणि निघून गेली. गाडीत बसल्यावरही तासभर पोटातला गोळा गेला नाही.

यातून आपण काही शिकलो असं तेव्हा मुळीच वाटलं नाही. कुताइसीला पोहोचले, हायसं वाटलं, फोटो काढले.

परतल्यावर दोनेक महिन्यांनी बँकेत रांगेत उभी होते. पुढच्या आजींनी पैसे काढायची स्लिप माझ्यासमोर धरली, “एवढं भरून देतेस का गं?” अशा स्लिपा मी पूर्वीही भरून दिल्यात. पेन काढायचं, रकाने भरायचे, दोन मिनिटांत मोकळं. त्या दिवशी मात्र लिहिता लिहिता वर बघितलं, तर आजी कागदाकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या. दिदुबेला मी ड्रायव्हरांकडे बघत होते, अगदी तशा.

मग मी स्लिपवरची ओळ न ओळ त्यांना वाचून दाखवली, रक्कम दोनदा, आणि मगच कागद त्यांच्या हातात दिला. वाचता न येणाऱ्या माणसाबद्दल मला तोवर फक्त दया वाटायची. त्याला दिवसभर किती सावध राहावं लागतं, किती गोष्टी डोक्यात साठवाव्या लागतात, कोणावर विश्वास ठेवायचा हे किती झटपट ठरवावं लागतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं की नजर बहुतेकदा प्रवासात बदलत नाही, परतल्यावर बदलते. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या डार्विनचंच बघा. १८३१ ते १८३६ तो बीगल जहाजावरून फिरला; त्यातले गालापागोस बेटांवरचे दिवस जेमतेम पाच आठवडे, १८३५ मधले. कासव बघून ते कुठल्या बेटावरचं हे ओळखता येतं, असं तिथल्या अधिकाऱ्याने त्याला सांगितलंही होतं. त्याने तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही. फिंच पक्षी गोळा केले, पण बहुतेकांचं बेट नोंदवलंच नाही. १८३७ मध्ये लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने ते पक्षी तपासून सांगितलं की इतक्या वेगळ्या चोचींचे हे सगळे एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. तेव्हा कुठे कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, याचं महत्त्व डार्विनला उमगलं, आणि जहाजावरच्या इतरांनी नीट नोंदवलेले नमुने बघावे लागले. एवढ्या मोठ्या माणसालाही परतल्यावरच कळलं, याचा मला फार धीर वाटतो. तुमच्या सहलीही अजून वाया गेलेल्या नाहीत.

आणखी एक. मॅडक्स आणि गॅलिन्स्की या संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात परदेशात राहिलेल्या लोकांची सर्जनशीलता जास्त दिसली. नुसतं फिरून आलेल्यांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. सर्जनशीलता म्हणजे दृष्टिकोन नव्हे, हे मान्य. पण ते मला पटतं. ठरवून दिलेल्या सहलीत आपण कुठे अडूच नये याचीच सगळी सोय केलेली असते. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असली की ती सोय हवीच. तरी एखादा दिवस मोकळा ठेवा, जिथे चार लोकांना विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि रात्री काय बघितलं ते नाही, कुठे अडलो आणि कोणाला विचारलं, ते दोन ओळीत लिहून ठेवा. जागेसकट, तारखेसकट. मग दोन-तीन महिन्यांनी ती वही उघडा.

माझ्या वहीत त्या दिवसाखाली एवढंच आहे: ‘दिदुबे. पाटी वाचता आली नाही. हिरव्या स्वेटरच्या बाईने गाडीपर्यंत नेलं.’ तिला धन्यवाद म्हणायला त्यांच्या भाषेतला शब्द मला येत नव्हता. तो मी त्याच रात्री शिकले: ‘मादलोबा’.