मासा ‘गातो’, ‘ओरडतो’ की ‘घुमतो’?

प्रश्न असा आहे : ‘विणीच्या हंगामात नर मासे मादीला बोलावण्यासाठी गातात’ या वाक्यातले ‘गातात’ चालेल का, की ‘ओरडतात’ किंवा ‘आवाज काढतात’ लिहावे? आणि या आवाजासाठी नाम कोणते वापरावे?

‘ओरडतात’ सरळ वगळा. ओरडायला घसा लागतो आणि माशाला स्वरयंत्र नसते. ॲरिस्टॉटलनेही कंठातून निघणारा आवाज आणि नुसता आवाज असा भेद केला होता. मासे त्याने दुसऱ्या गटात टाकले. पण घसा नाही म्हणून क्रियापदही नाही, असे मराठीत होत नाही. रातकिडा पंखावर पंख घासतो, तरी आपण तो ‘किरकिरतो’ म्हणतोच. तेव्हा आवाज कसा निघतो आणि कसा ऐकू येतो, हे पाहून शब्द निवडावा.

सर्वांत आधी ‘आवाज होणे’ आणि ‘आवाज काढणे’ यांतला फरक सांभाळा. मासा पोहताना किंवा शिंपला फोडताना आवाज होतो. मादीसाठी तो आवाज काढतो. हेतू दाखवायचे काम ‘काढणे’ चोख करते, म्हणून जात ठाऊक नसेल तेव्हा हाच प्रयोग बिनधोक.

जात ठाऊक असेल तर नेमके लिहिता येते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा मिडशिपमन मासा घ्या. नर उथळ पाण्यात दगडाखाली घरटे करतो आणि रात्री तिथून एकसुरी, खर्जातला आवाज काढतो. हा आवाज कधी तासाहून जास्त वेळ अखंड चालतो. पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे वाताशयाला, दोन्ही बाजूंनी स्नायू चिकटलेले असतात. ते सेकंदाला सुमारे 100 वेळा आकसतात, म्हणून आवाजाची वारंवारताही 100 हर्ट्झच्या आसपास राहते. पाणी गार असेल तर स्नायू मंदावतात आणि सूर उतरतो. पाण्यातल्या स्पीकरवरून असा सूर वाजवला, तर अंडी भरलेल्या माद्या त्याच्याकडे येतात. अंडी घालून झालेल्या माद्या फिरकत नाहीत.

याला ‘गुणगुणणे’ फार हलके पडते आणि ‘गुंजारव’ भुंग्याकडे नेतो. माझ्या मते इथे ‘घुमणे’ हेच क्रियापद हवे. पारवा मादीपुढे घुमतो, तेव्हा त्या आवाजात खर्जही असतो आणि प्रियाराधनही. दोन्ही अर्थ मराठी वाचकाच्या कानात आधीपासून आहेत. एक अडचण आहे : अंगात आलेला माणूसही घुमतो. म्हणून पहिल्यांदा ‘पारव्यासारखा घुमतो’ असे लिहावे, पुढे नुसते ‘घुमतो’ पुरते. ‘सगळे नर घुमतात’ असे मात्र लिहू नका. याच जातीतले काही लहान चणीचे नर घुमत नाहीत. ते दुसऱ्याच्या घरट्यात चोरून शिरतात.

उत्तर अटलांटिक महासागरातल्या हॅडॉक माशाचा नर सुटी ‘टकटक’ करतो. मादीजवळ जाताना ठोक्यांतले अंतर कमी होत जाते आणि शेवटी ते जोडले जाऊन घरघर ऐकू येते. अंडी आणि शुक्र पाण्यात सुटण्याच्या वेळी आवाज थांबतो. ही लय वाढत जाणे हाच इथला मुख्य तपशील आहे, त्यामुळे एकाच शब्दात तो कोंबू नये. आणि इथे ‘समागम’ही लिहू नका, कारण फलन शरीराबाहेर होते.

क्रोकिंग गुरामी या गोड्या पाण्यातल्या लहान माशात वाताशयाचे स्नायू नव्हे, तर छातीच्या परांचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, काम करतात. ते पराच्या काड्यांवरून तारेसारखे छेडले जातात. भांडणातला आवाज ‘करकर’. विणीच्या वेळी मादी जो मऊ आवाज काढते तो ‘घुरघुर’, मांजराची असते तशी. ‘गुरगुर’ लिहिलेत तर कुत्र्याची धमकी डोळ्यांपुढे येईल आणि अर्थ उलटा होईल. आवाज नेहमी नरच काढतो, हे गृहीतकही या माशामुळे मोडते.

नाम म्हणून ‘साद’ उत्तम. साद कुणाला तरी उद्देशून घातली जाते आणि तिला प्रतिसाद अपेक्षित असतो. मिडशिपमनचे नेमके तेच चालते. ‘विणीची साद’ म्हटले की पुरे. ‘ध्वनी’ मोजमापाच्या मजकुरात ठेवा. ‘नाद’ टाळा, कारण ‘मादीचा नाद’ म्हटले की वाचक छंदाचा अर्थ घेतो. ‘गाणे’ मला एरवीही जड वाटते; त्यात सुरांची चढउतार अपेक्षित असते, ती इथे क्वचितच सापडते.

कॅलिफोर्नियाच्या आखातातले कोर्विना मासे लाखोंच्या संख्येने एकत्र अंडी सोडायला येतात. त्यांच्या एकत्रित आवाजाला ‘कल्लोळ’ म्हणावे. त्याचे डेसिबल देताना मात्र ‘पाण्यात’ हा शब्द गाळू नका. हवेतल्या मोजणीचा आधार, म्हणजे शून्य डेसिबल मानलेला दाब, 20 मायक्रोपास्कल, पाण्यातल्या मोजणीचा 1 मायक्रोपास्कल. एवढ्यानेच आकडा 26 डेसिबलने फुगतो, आणि विमानाच्या आवाजाशी केलेली थेट तुलना चुकते.