तात्कालिक वेग 'तात्पुरता' नसतो

गंगापूर रोडवरच्या एका पालकांचा प्रश्न आहे: "मुलगी अकरावीला आहे. क्लासमधले सर 'तात्कालिक वेग' म्हणतात. तात्कालिक म्हणजे तात्पुरता ना? मग सरळ 'क्षणिक वेग' का म्हणू नये? आणि लिमिटला सीमा म्हणायचं की मर्यादा?"

आधी तो 'तात्पुरता' डोक्यातून काढा. शाळेत १८५७ च्या उठावाचं 'तात्कालिक कारण' लिहिलं होतंत ना? काडतुसांचं? ते कारण तात्पुरतं होतं का हो? तत्काल म्हणजे तो काळ, नेमकी तीच वेळ, आणि त्या वेळेचं ते तात्कालिक. 'तात्पुरता' हा अर्थ आपण अलीकडे 'तात्कालिक व्यवस्था', 'तात्कालिक उपाय' असल्या फलकांवरून उचलला, आणि काही कोशांनीही तो निमूट छापला. जाता जाता: 'तात्काळ संपर्क साधा' हेही चूक, तत्काळ साधा. रेल्वेवाले निदान 'तत्काल' तरी बरोबर लिहितात.

'क्षणिक' तर त्याहून वाईट. क्षणिक राग म्हणजे क्षणात विरणारा. इथे काहीच विरत नाही. सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून खडा सोडा (खाली कोणी नाही हे बघून). हवेचा विरोध सोडला तर तो क्ष सेकंदांत ४.९ गुणिले क्ष-वर्ग इतके मीटर खाली येतो. बरोबर एका सेकंदाला त्याचा वेग किती? १ ते १.१ सेकंदांत सरासरी १०.२९ मीटर दर सेकंदाला, १ ते १.०१ मध्ये ९.८४९, १ ते १.००१ मध्ये ९.८०४९. कालावधी जसजसा आकसतो तसतशी सरासरी ९.८ ला चिकटत जाते, आणि ते ९.८ म्हणजे तात्कालिक वेग. फारच टोचत असेल तर 'तात्क्षणिक' म्हणा, माझी हरकत नाही. चाल आणि वेग यांतला फरक (वेगाला दिशा असते) सरांनी सांगितला असेलच, तो सोडतो.

आता खरी गंमत. 'तात्कालिक' हा शब्द कोण्या भाषांतर समितीने बसून घडवलेला नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथात ग्रहाची आजची जागा आणि उद्याची जागा यांच्या वजाबाकीला स्थूल गती म्हटलं आणि नेमक्या वेळेच्या गतीला तात्कालिकी. चंद्र झपाट्याने चालतो, त्याची गती क्षणाक्षणाला बदलते, म्हणून त्याच्यासाठी दुसरी हवी. भास्कराचार्य काही परके नव्हेत. नाशिकहून गाडीत बसून चाळीसगावला उतरा, तालुक्यातल्या पाटण्याला त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या मठाचा शिलालेख आहे.

आणि 'तात्कालिक'मधल्या या 'काल'च्या पोटात काय आहे? धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, उघडा: 'कल गतौ संख्याने च'. कल् म्हणजे चालणं आणि मोजणं. एकाच धातूत दोन्ही! गती मोजायच्या शास्त्राला, म्हणजे कॅल्क्युलसला, 'कलन' म्हणायला याहून चोख धातू मिळाला असता का? गीतेच्या दहाव्या अध्यायातलं 'कालः कलयतामहम्' आठवा, मोजणाऱ्यांमध्ये मी काळ. भास्कराचार्यांची बेरीज-वजाबाकी म्हणजे संकलित-व्यवकलित. काशीच्या सुधाकर द्विवेदींनी एकोणिसाव्या शतकात या विषयावर हिंदीत पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'चलन कलन'. आपलं 'कळणं' त्याच घरातलं, 'आकलन'ही. पोरगं 'मला कलन कळत नाही' म्हणतं तेव्हा धातू एकच आहे हे त्याला कुणी सांगत नाही.

आधुनिक व्युत्पत्तिकार यावर नाक मुरडतात. काल आणि कल् यांचा संबंध लोकांनी मागाहून जोडला, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण मग तुमची व्युत्पत्ती काय, तर 'अनिश्चित'! अनिश्चितपेक्षा माझी बरी. त्याहून राग येतो तो 'कलन हे कॅल्क्युलसचंच मराठी सोंग' म्हणणाऱ्यांचा. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा, मोजायला वापरायचे तो. गेल्या वर्षी माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात हाच शब्द होता, डावीकडे, पाच मिलिमीटर. मूतखडा. दोन्ही शब्दांचा आवाज जुळतो, कामही जुळतं, पण नातं नाही.

एक जुनी तक्रारही उरकतो. डिफरन्सिएशनला 'विकलन' म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. विकल म्हणजे लुळा, व्याकूळ. पोरांना तो विषय झेपत नाही यात या नावाचाही थोडा हात असावा. 'अवकलन' उपलब्ध आहे, ते वापरा.

हां, सीमा की मर्यादा राहिलंच. सीमा. मर्यादा पाळायची असते, ओलांडली की कुणीतरी रागावतं. सीमा म्हणजे आपली गावची शीव, मुंबईतल्या शीवमध्ये आहे तीच. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. आपल्या खड्याची सरासरी मात्र ९.८ या शिवेच्या हव्या तितक्या जवळ जाते, आणि तिला प्रत्यक्ष शिवलीच पाहिजे अशी अट नाही.